मायाक्का खाडी बघायला गेली

नातेपुत्याजवळच्या माळावरचे धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे. कोकणात भात कापलेल्या शेतांत रात्री मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात भात घ्यायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचं. मायाक्का लग्न होऊन आली तेव्हापासून बारा वर्षं ही वाट चालत होती, पण समुद्र तिनं पाहिला नव्हता. खाडीवरचा कडा मुक्कामापासून कोसभर. दरसाल पुरुष एक दिवस तिथं जाऊन यायचे. बायका चुलीपाशी आणि कोकरांपाशी.

गेल्या पावसाळ्यात नातेपुत्याच्या बाजारात बांगड्या भरता भरता बांगडीवालीनं, अजीजानं, तिला विचारलं होतं, "समुद्र कसा असतो गं?" तिनं तोंड उघडायच्या आत नवरा, बिरप्पा, म्हणाला, "तिला काय इचारता? ती चुलीम्होरनं हालत न्हाय." लोक हसले. मायाक्काही हसली होती. आपण का हसलो, याची चीड तिच्या मनातून गेली नव्हती.

चौतीस सालच्या माघात परतायचा दिवस ठरला. सकाळी बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादू लागल्या. मायाक्कानं भाकरी फडक्यात बांधली आणि सासऱ्यांपुढं जाऊन उभी राहिली. सगळा वाडा, म्हणजे बिऱ्हाडं-मेंढरांसकट हिंडणारा धनगरांचा तळ, त्यांना आण्णा म्हणायचा. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी थेट बोलली नव्हती.

"आण्णा, मी कड्यावर जाऊन येते."

"आन् घोडी कोण भरणार?"

"तुमी भरा. हात हायत की."

ती वाटेला लागली. बिरप्पा धावत मागं आला आणि वाटेत आडवा झाला. "माघारी फिर. माणसं काय म्हणतील?"

"संगं येता का? येत नसला तर वाट सोडा."

तो बाजूला झाला.

चढ खडा होता. माथ्यावर पोचली तेव्हा खालून नदी येताना दिसली, मातकट, रुंद. पुढं तिचं पाणी हिरव्या पाण्यात शिरत होतं, आणि त्याच्याही पुढं काठच नव्हता. माळावरच्या बाईला काठ नसलेलं पाणी ठाऊक नव्हतं. बराच वेळ ती नुसती उभी राहिली. मग पाहता पाहता नदी थांबली आणि उलटी चालू लागली. मायाक्का दचकली. शिंपल्यांची पाटी घेऊन चढणाऱ्या एका म्हातारीला तिनं घाबरत विचारलं.

"भरती," म्हातारी हसून म्हणाली, "रोजच येते."

"रोज!" मायाक्का खाली बसली. बारा वर्षं कोसभरावर हे रोज होत होतं. तिला रडू आलं, ते रागाचं होतं. मग तिनं फडकं सोडलं आणि घाई न करता भाकरी खाल्ली. खाडी काठोकाठ भरेपर्यंत ती उठली नाही.

उन्हं कलताना ती परतली. बिऱ्हाड तिथंच होतं. एका घोड्यानं ओझं पाडलं होतं, भांडी शेतभर पसरली होती.

"तुझ्यापायी आजचा दिस गेला," आण्णा ओरडले. "पुन्यांदा असं केलंस तर म्हायेरी धाडीन."

"धाडा की. वाट मला ठावी हाय. तुमच्याइतकीच पायानं तुडवलीया." तिची मान खाली गेली नाही. "आन् दिस माझ्यापायी न्हाय गेला. तुमास्नी घोडं भरता येत न्हाय."

कुणी हसलं नाही. धाकटी जाऊ बाळाबाई भांडी गोळा करायचं सोडून जवळ आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कसं हाय गं, अक्का?"

"मी सांगून कळायचं न्हाय. सकाळी जाऊन बघ."

उजाडलं तेव्हा बाळाबाईबरोबर आणखी दोघी वाटेला लागल्या होत्या. आण्णा दगडावर पाठ फिरवून बसले, पण बायकांना माघारी बोलवायला उठले नाहीत. मायाक्कानं घोडं ओढून आणलं आणि दोराचं एक टोक बिरप्पाच्या हातात दिलं.

"पोटाखालनं घ्या. आवळा. आनखी जरा."

दुपारी सगळ्या परत आल्यावर वाडा हलला.