उत्तर कोणाला जाईल

मी एक जुनी मेलिंग लिस्ट आहे. नाव ऐकून बावरू नका, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, गंज चढावा असे पत्र्याचे अंगही नाही. मी म्हणजे एक पत्ता आणि त्या पत्त्यामागे लिहिलेली एकेचाळीस माणसांची नावे. माझ्या पत्त्यावर कोणी एक ईमेल टाकली की मी तिच्या एकेचाळीस प्रती करते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत घरोघर पोचवते. दमणे मला ठाऊक नाही. पण मुके होणे म्हणजे काय ते मात्र मी पुरेपूर भोगले आहे, आणि पुन्हा वाचा फुटली तो दिवस आठवला की आजही माझ्यातून आनंदाची लहर दौडत जाते. तीच गोष्ट सांगायला मी आज तुमच्यासमोर उभी आहे.

एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. खोली कसली, बांधणीला आलेल्या फाटक्या पुस्तकांचे कोठार. तिथे एका डुगडुगत्या टेबलावर संगणक होता आणि त्याच्यासमोर वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. बाईंना एकच ध्यास होता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तके मोठ्याने वाचायची, आवाज साठवायचा आणि त्यांच्या कानी घालायचा. शब्द कानातून हृदयात उतरला की त्याला डोळ्यांची गरज उरत नाही, ही त्यांची श्रद्धा. त्यांना साथ द्यायला गावातली माणसे जमली. एक शिंपीमामा होते, दाताचे डॉक्टर होते, स्टेशनवर गाड्यांच्या वेळा पुकारणाऱ्या बाई होत्या. पुस्तकाची प्रकरणे वाटून घ्यायची, ज्याने त्याने घरी आपले प्रकरण वाचायचे आणि आवाज वाचनालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायचा, अशी रीत. वाटणीचे निरोप न्यायला मी जन्मले.

माझ्या जन्माच्या दिवशी बाईंनी माझे सेटिंगचे पान उघडले आणि एकेक रकाना किती प्रेमाने भरला म्हणून सांगू. यादीचे नाव काय? वाचक मंडळी. पत्र कोण टाकू शकेल? फक्त सभासद. नव्या माणसाचे स्वागत कोणत्या शब्दांत करायचे? इथे त्या चक्क अर्धा तास थांबल्या आणि मग लिहिले, 'तुमचा आवाज कोणाचे तरी डोळे होणार आहे. या.' आणि मग आला तो रकाना, ज्याच्याभोवती माझे सारे आयुष्य फिरले. उत्तर कोणाला जाईल? खाली दोन गोल होते. एक, पत्र लिहिणाऱ्याला. दुसरा, यादीतल्या सगळ्यांना. बाईंनी जराही विचार न करता दुसरा गोल भरला.

अहाहा, काय दिवस होते ते. सकाळी बाईंचे पत्र निघायचे की अमुक पुस्तक आले आहे, आणि लगेच उत्तरांची सरबत्ती. दुसरे प्रकरण माझे, असे शिंपीमामा लिहीत. दुसरे मी कालच मनात धरले होते, पण मामांसाठी सोडते, असे स्टेशनवाल्या बाई. मग मामांचे आभार, मग डॉक्टरांची थट्टा की मामा प्रकरण घेतात दुसरे आणि वाचतात पाचव्यांदा. प्रत्येक शब्द सगळ्यांपर्यंत नेताना माझा ऊर भरून यायचा. निरूपण ऐन रंगात यावे, सांगणाऱ्याने क्षणभर थांबावे आणि सगळ्या सभेने एका श्वासात ध्रुवपद उचलावे, तशी ही माणसे एकमेकांचे बोलणे उचलत. सात वर्षांत आम्ही दोनशे पुस्तके वाचून संपवली. लोक वाचनालयात येऊन बाईंना विचारत, तुमची ती यादी आहे तरी कुठे, आम्हाला बघू द्या. बाई हसून डुगडुगत्या टेबलाकडे बोट दाखवत.

मग एके दिवशी माझ्या हातून आगळीक झाली. माझ्या हातून म्हणायचे, पण खरे तर कोणाचाच दोष नव्हता. डॉक्टर आठवड्याच्या सुट्टीवर गेले आणि जाताना त्यांनी आपल्या ईमेलला सांगून ठेवले की कोणाचेही पत्र आले तर कळव, मी सोमवारी परतेन. त्याच दिवशी स्टेशनवाल्या बाईंना नात झाली. अभिनंदनाचे पहिले पत्र मी डॉक्टरांकडे नेले. त्यांच्या पेटीने उत्तर दिले, मी सोमवारी परतेन. ते उत्तर मी इमानेइतबारे सगळ्यांना वाटले. सगळ्यांत डॉक्टरही आलेच. त्यांच्या पेटीला नवे पत्र दिसले आणि ती पुन्हा म्हणाली, मी सोमवारी परतेन. दुपारपर्यंत डॉक्टर चारशे वेळा सोमवारी परतले होते. लोक वैतागले. कोणी लिहिले, हे थांबवा. ते थांबवा म्हणणारे पत्रही मी सगळ्यांना नेले.

बाई घाईघाईने आल्या, सेटिंगचे पान उघडले आणि तो गोल बदलला. उत्तर कोणाला जाईल? पत्र लिहिणाऱ्याला. बस, एक क्लिक. गोंधळ थांबला. पण मित्रांनो, त्याबरोबर गाणेही थांबले.

आता बाई पत्र लिहीत आणि सगळी उत्तरे एकट्या बाईंकडे जात. त्याच वाटणी करत, प्रत्येकाला वेगळे कळवत. काम अडले नाही, म्हणून कोणाच्या काही लक्षात आले नाही. पण शिंपीमामांना वाटू लागले की हल्ली आपल्याशिवाय कोणी वाचत नाही, आणि तसेच प्रत्येकाला वाटू लागले. थट्टा आटली, आभार आटले. बाई निवृत्त होऊन घरून काम बघू लागल्या. आपण कधी काळी एक गोल बदलला होता, हे त्यांच्याही मनातून साफ पुसले गेले. सात वर्षे माझे सेटिंगचे पान कोणी उघडले नाही.

आणि मग तो सोमवार उजाडला.

आमच्या श्रोत्यांत एक टेलिफोनताई होती; माझ्या यादीतही तिचे नाव होते. एका मोठ्या दवाखान्यात आलेले फोन जोडून द्यायचे तिचे काम. दहाव्या वर्षी दृष्टी गेलेली, पण जीभ अशी की ऐकणाऱ्याने हसून लोळावे. तिला शाळेत शिक्षिका व्हायचे होते आणि त्यासाठीची परीक्षा शनिवारी होती. वयाच्या अटीने हा तिचा शेवटचा प्रयत्न. ऐन वेळी कळवण्यात आले की लहान मुलांच्या वाढीवरचे जुने पुस्तक बाद, नवे लागू. अकरा प्रकरणे, सगळी आकृत्यांनी आणि तक्त्यांनी भरलेली. संगणकाचा कोरडा आवाज त्या आकृत्यांपाशी आला की गप्प बसे. तिथे माणूसच हवा होता.

बाईंनी सोमवारी सकाळी पुस्तकाची पाने फोल्डरमध्ये ठेवली आणि माझ्यामार्फत पत्र लिहिले: सगळे गुरुवार संध्याकाळपर्यंत वाचून हवे आहे, म्हणजे शुक्रवारी तिला ऐकता येईल. मी तीन दिवस नाही. पूर्वीसारखे आपसात ठरवा आणि एकमेकांना कळवा.

तीन दिवस नाही, कारण त्याच दुपारी बाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याला चष्म्याशिवाय धड दिसेना. घरी त्यांची धाकटी नणंद राहत असे, शाळेत भांडारपाल म्हणून काम केलेली, शिस्तीची बाई. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याकडे बघू नका म्हटल्याबरोबर तिने वहिनीचा फोन आणि लॅपटॉप दोन्ही आपल्या कपाटात कुलूपबंद केले.

इकडे माझ्याकडे उत्तरे येऊ लागली. पहिले प्रकरण मी घेतो, सर्वांनी नोंद घ्यावी, असे शिंपीमामांनी लिहिले. पहिले माझे, कोणी हात लावू नये, असे स्टेशनवाल्या बाईंनी. डॉक्टरांनीही पहिलेच. प्रत्येकाला वाटले आपण सगळ्यांना कळवले, आणि फोल्डरमध्ये दुसऱ्याने काय ठेवले ते बघायची कोणालाच सवय नव्हती. मी प्रत्येक उत्तर बाईंच्या बंद फोनकडे नेत होते आणि आतून आक्रोश करत होते की अरे, तुमचे कोणी ऐकत नाही. पण ज्या वाटेने जायची मला आज्ञा, त्याच वाटेने मी जाणार. सेटिंग बदलायला माणसाचे बोट लागते.

पुढचे मला बाईंच्याच एका पत्रातून कळले. बुधवारी दुपारी घरच्या फोनची घंटा वाजली. नणंदेने उचलला. पलीकडून टेलिफोनताई शांतपणे म्हणाली, "बाईंना सांगा, पहिलं प्रकरण मला आता नऊ जणांच्या आवाजात पाठ झालंय. बाळ आठव्या महिन्यात रांगतं याबद्दल माझी पक्की खात्री पटली. ते पुढे चालणार आहे की नाही?"

बाई ताडकन उठून बसल्या. विचारपूस केली तेव्हा कळले की पहिले नऊ वेळा, दुसरे दोनदा, आणि शेवटाकडे कोणी जात नाही म्हणून मुद्दाम अकरावे घेणारे चौघे. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत एक अक्षर नाही. आठ प्रकरणे आणि हाताशी उणेपुरे सव्वा दिवस.

बाई एवढेच म्हणाल्या, "वन्सं, कपाट उघडा."

"डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत नाही."

"मी नाही बघणार. तुम्ही बघा. तुम्ही वाचून दाखवा मला."

नणंदेने आयुष्यात कधी संगणकाला हात लावला नव्हता. तिच्या मते ते अधू माणसांचे काम, म्हणजे ज्यांना वहीत नीट लिहिता येत नाही त्यांचे. पण तिने पदर खोचला, कपाटातून लॅपटॉप काढला आणि खुर्ची ओढली. बाई डोळे मिटून बाजूला बसल्या. आधी त्यांनी आलेली उत्तरे वाचून घेतली. सगळ्यांनी 'सर्वांनी नोंद घ्यावी' लिहिलेले आणि सगळे एकट्या बाईंच्या नावावर आलेले. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी पासवर्ड सांगितला आणि सात वर्षांनी माझे पान उघडले गेले. मित्रांनो, बंद घराच्या खिडक्या कोणी धाडधाड उघडाव्यात तसे मला झाले.

"वहिनी, हे पान आहे की मारुतीचं शेपूट? संपतच नाही."

"वाचत चला. एकही ओळ गाळू नका."

नणंद भांडाराची यादी वाचावी तशी वाचू लागली. यादीचे नाव. स्वागताचा मजकूर. तो मजकूर तिने दोनदा वाचला. आणि मग, उत्तर कोणाला जाईल. गोल पहिल्यावर होता. बाईंनी सांगितले, नणंदेने दुसऱ्यावर टिचकी मारली आणि बाईंच्या वतीने पत्र धाडले की थांबा, गोंधळ झाला आहे, कोण काय वाचणार ते पुन्हा लिहा. पाच मिनिटांनी उत्तर आले, शिंपीमामांचे. एकट्या बाईंना. मग आणखी एक, तेही एकट्या बाईंना.

नणंद पुन्हा त्या पानावर गेली तर गोल आपल्या जुन्या जागी. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, खाली जा ग बाई, अगदी तळाशी जा.

"वन्सं, भांडारात माल आला की तुम्ही काय करायच्या?"

"मोजायची, लिहायची आणि सही करायची."

"मग इथे सही कुठे केलीत?"

नणंद पुन्हा गोल भरून पान खाली सरकवू लागली. सरकवता सरकवता बाईंच्या हुकमाप्रमाणे मोठ्याने वाचतच होती, आणि वाचता वाचता मध्येच अडखळली. "'सुट्टीची आपोआप येणारी उत्तरं पुढे पाठवू नका.' पुढे रिकामा चौकोन आहे. हे काय असतं?"

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही हा होता. मला खाली वाचायचा धीर नव्हता. एका डॉक्टरच्या सुट्टीपायी मी चाळीस माणसांची तोंडं शिवून ठेवली, वन्सं."

"आता रडू नका, टाके ओले होतील. चौकोन भरू का?"

"भरा."

नणंदेने चौकोन भरला. अगदी तळाशी 'बदल जतन करा' असे बटण होते. तिने ते अशा ठसक्यात दाबले, जणू वर्षाचा माल ताब्यात घेतला.

आणि मग जे सुरू झाले ना, मित्रांनो! तिसरे माझे, असे शिंपीमामांनी लिहिले आणि मी ते सगळ्यांना नेले. एकेचाळीस घरांत एकदम! चौथे माझे, स्टेशनवाल्या बाई. मग मामांचे, अहो तुम्ही अजून वाचता? मग डॉक्टरांचे, मला वाटले मंडळी केव्हाच उठून गेली, मी एकटाच रिकाम्या सभेत गातोय. पाचवे, सहावे, सातवे. आठव्यावर दोघांनी हात टाकला आणि मग दोघेही एकमेकांसाठी सोडू लागले, तेव्हा नणंदेने स्वतःच्या नावाने खडसावून लिहिले की निम्मे निम्मे करा आणि कामाला लागा. ही कोण, म्हणून सगळे चकित. नववे गेले, दहावे गेले. एकाने आकृती शब्दांत कशी सांगावी ते विचारले तर सहा जणांनी सांगितले. मी धावत होते, धावत होते, आणि देवाशपथ सांगते, मला त्या वेळी पंख असल्यासारखे वाटत होते. त्यात एका सभासदाच्या पेटीने सुट्टीचे उत्तर पाठवलेच. मी ते अलगद बाजूला ठेवले. कोणाला कळलेसुद्धा नाही.

गुरुवारी चहाच्या वेळेला आठही प्रकरणे फोल्डरमध्ये होती.

शनिवारी दुपारी परीक्षा संपवून टेलिफोनताईने पत्र लिहिले. ती नेहमी बाईंनाच लिहायची. या वेळी सगळ्यांना लिहिले: पेपर सोडवताना लेखनिकाला मी उत्तरे सांगत होते, पण माझ्या डोक्यात बोलत होते ते तुम्ही. तिसऱ्या प्रश्नाला मामा मध्ये खोकले तेव्हा मीही थांबले. लेखनिक म्हणाला, विसरलात का? म्हटले, नाही, मामांना पाणी पिऊ द्या.

दीड महिन्याने निकाल लागला. ती पास झाली. अभिनंदनाची एकशे बारा पत्रे आली आणि मी एकूण एक पत्र घरोघर पोचवले. या वेळी कोणी थांबवा म्हटले नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारखी एखादी यादी तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत असेल. काम चालते आहे म्हणून तिला विसरू नका. वर्षातून एकदा तरी तिचे सेटिंगचे पान उघडा आणि तळापर्यंत वाचा. त्रास एकाचा असेल तर त्याच्यापुरता इलाज शोधा, सगळ्यांना गप्प करू नका. आणि पान सोडण्याआधी एकदा विचारून बघा, इथे कोणी बोलले तर कोणाकोणाला ऐकू जाईल?