नातसुनेसाठी पुस्तक

लेकीच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं चार ओळींचं. 'बाबा, मुलगी झाली. नाकाने माझ्या आईवर गेली आहे. सुट्टीत घेऊन येऊ का? नुसतं ये म्हणा.'

तेवढं 'ये' काही त्याच्या हातून लिहून झालं नाही. लेकीने परधर्मातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या पंचांनी रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांदेखत बजावलं होतं, "विश्वास हा घराचा पाया. एक वीट ढिली झाली की भिंत खाली येते. दार लावून घे." त्याने लावून घेतलं. तो पुस्तकं बांधणारा माणूस; सुटी पानं शिवणं हे त्याचं पोट. घरातलं पान मात्र त्याने स्वतःच्या हाताने फाडलं आणि त्यानंतरही दर वेळी प्रभुभोजनाच्या पवित्र भाकरीसाठी निर्धास्तपणे हात पुढे केला. बायको आधी रडली, मग भांडली, मग नुसते टोमणे उरले.

एके दिवशी तेच पंच काठी टेकत दुकानात आले. "नातसून येतेय घरात. तिला प्रार्थनेचं पुस्तक द्यायचंय. चामड्यात बांध. एकदम झकास झालं पाहिजे."

"मुलगी कुठल्या मंडळीतली?"

पंचांनी चष्मा काढून पुसला. "मंडळीतली अशी नाही. पण गुणी आहे हो पोर! आणि अरे, जग कुठल्या कुठे गेलं. शेवटी प्रभूची शिकवण काय? प्रीती. तीच खरा पाया."

त्याच्या हातातल्या ब्रशवरची खळ वाळत चालली. "माझ्या पोरीच्या वेळी पाया दुसरा होता, पंच."

"झालं! उकरलीस जुनी मढी?" पंच उखडले. "मी बोललो असेन चार शब्द. मंडळीपुढे मला बोलावंच लागतं. पण दार कोणी लावलं? बाप तू होतास का मी?"

पंच गेले. म्हातारा खोटारडा निघाला, असं म्हणून त्याला मोकळं होता आलं असतं. पण पंचांच्या सगळ्या बोलण्यात हे शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

घरी त्याने हे सांगितलं, तेव्हा बायको धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. तिने चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"मग? त्या नातसुनेचं पुस्तक बांधणार?"

"बांधणार. तिचा काय दोष?"

"माझ्या लेकीचा काय होता?"

चादरीची घडी वाकडी झाली.

रविवारी मंडळीतल्या मुलांना तो गोष्टी सांगत असे. बायबलातल्या, घर सोडून गेलेल्या उधळ्या पोराची गोष्ट तर त्याची हातखंडा. परतणारा पोरगा लांबून दिसताच बाप धावत सुटतो, हे सांगताना तो हमखास स्वतःच दोन्ही हात पसरायचा. त्या बापाने धावण्याआधी कोणा पंचाला विचारलं नव्हतं, हे एवढ्या वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नाही. शिवाय तो पोरगा उधळ्या तरी होता. त्याच्या लेकीने नुसतं लग्न केलं होतं.

तो कागद घेऊन बसला. 'पोरी, मी तुला क्षमा केली आहे,' असं लिहून त्याने कागद बायकोपुढे धरला.

"वा! राजेसाहेब उदार झाले," ती म्हणाली. "क्षमा? तिला? आधी तिच्या दारात जाऊन नाक घासा."

त्याने तो फाडला. दुसऱ्या कागदावर पंच आले, मंडळी आली, लोक काय म्हणतील तेही आलं. वाचताना त्याची त्यालाच लाज वाटली. तिसऱ्यावर त्याने लिहिलं, 'तुझं पत्र तेव्हाच मिळालं होतं. दार मी लावलं. चूक माझी. तू इकडे येऊ नकोस. मानाने बोलवायचं तोंड मला उरलं नाही. आम्हीच तिकडे येऊ का? नाही म्हणालीस तरी तुझं बरोबरच आहे.'

बायकोने ते दोनदा वाचलं. या वेळी टोमणा आला नाही. "तिने उत्तरच दिलं नाही तर?"

"तर नाही दिलं."

"म्हणणं सोपं आहे. वाट बघणं कसं असतं ते मला विचारा."

सकाळी तो पाकीट घेऊन निघाला, तर तिनेही न सांगता पायांत चपला घातल्या. टपालपेटीपाशी त्याने हात मनगटापर्यंत आत घातला आणि तसाच उभा राहिला. मागे आलेला एक माणूस खाकरला.

"सोडा आता," बायको म्हणाली.

त्याने सोडलं. पाकीट पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज आला. आत दुसरं एकही पत्र नसावं.