लाल दिव्यावरची टिकली

सेलूच्या त्या फोटो स्टुडिओतलं, फोटो-व्हिडिओ साठवायचं मशीन मी दुरुस्तीला उघडलं आणि मला किळस आली. हवा खेळायच्या जाळीत दसऱ्याच्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, उदबत्तीची राख, वर कुंकवाचा चिकट थर. आणि धोक्याच्या लाल दिव्यावर चक्क टिकली.

"ही कोणी लावली?"

"मीच," खर्रा चघळत मालक नीलेश म्हणाला. "दसऱ्यापासून लागून राह्यला होता. गिऱ्हाईक इचारत, काऊन लागला म्हणून. मशीन तं चालूच होती ना, ताई!"

चालूच राहणार. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच ते. एकीवर चुका होऊ लागल्या की दिवा पेटतो. ती बंद पडली तर दुसरी काम रेटते, आणि तेवढ्यात पहिली बदलायची असते. या शहाण्याने दिवा झाकला आणि उरलेल्या एकीवर लोकांची लग्नं कोंबत बसला. काल तीही गेली.

रुख्माबाई सकाळपासून दारात बसल्या होत्या. मार्गशीर्षात त्यांच्या लेकीचं, अपेक्षाचं लग्न झालं. तिच्या बाबांनी, महादेवरावांनी, स्वतः मंगलाष्टक म्हटलं. होळीला ते गेले. पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये नुसता गलका. माइक नीलेशच्याच कॅमेऱ्याला होता. व्हिडिओ त्याने अजून दिलाच नव्हता, आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं होतं.

"त्यायचा आवाज निघन ना, पोरी?"

"पाहते, मावशी."

दुसरी डिस्क साफ मेलेली. पहिली कुरकुरत का होईना, वाचता आली. रुख्माबाई खुर्ची ओढून जवळ आल्या. जुनी लग्नं आली, बारशी आली, आणि दसऱ्याला सगळं थांबलं. शेवटचा फोटो पूजेचा. हार घातलेलं मशीन, पुढे हात जोडून डोळे मिटलेला नीलेश, आणि मशीनवर ढळढळीत पेटलेला लाल दिवा.

"येच्यापुढं?"

"पुढे काही नाही, मावशी. तेव्हाच ही बंद पडली."

नीलेश दाराबाहेर पचकन थुंकला. तोंड पुसत आत आला.

"देवाची मर्जी, काकू. आपण काय करनार?"

मला त्याच्याकडे बघवेना. रुख्माबाई मात्र फोटोकडेच बघत होत्या.

"देवानं तं दिवा लावला होता रे, नीलेश," त्या म्हणाल्या, आणि चपला शोधू लागल्या.