मालसूनच्या रांजणाची दोरी

शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दात आत्ता इथंच गळून पडोत.

आमच्या शेजारच्या मालसूनचा रांजण केवढा होता, सांगू? एका साली त्यात वासरू पडलं. बाहेर काढलं तेव्हा मिठानं असं पांढरंफटक झालेलं, की त्याच्या आईनंच त्याला ओळखलं नाही. हसताय काय? त्या रांजणात सोयाचा जांग, म्हणजे आंबवलेला खारट रस, मुरायचा, आणि अर्ध्या गावाचं सूप त्याच्यावर चालायचं.

जांगाचं सोवळं मोठं. नजर लागू नये म्हणून रांजणाच्या गळ्याला गवताची दोरी, दोरीत लाल मिरच्या आणि कोळसे खोवलेले, पोटावर कागदाचा पांढरा मोजा उलटा चिकटवलेला. पाळीतल्या बाईनं तिकडं फिरकायचं नाही, जांग नासतो.

मालसून नवी नवरी असताना एकदा जांगात अळ्या पडल्या. नेमकी तेव्हा तिची पाळी होती. नवऱ्यानं गावादेखत रांजण उपडा केला, आणि ती पोर कितीतरी दिवस अंगणातली घाणेरडी माती खरवडत राहिली. अळ्या पडल्या त्या मीठ कमी पडलं म्हणून. मीठ घातलं होतं सासूनं. पण ते कोण बोलणार?

तर गेल्या वर्षाची गोष्ट. जांग घालायचा दिवस उजाडला. अंगणात मालसूनचा म्हातारा झाकण उघडून उभा, आणि घरातली एकही बाई बाहेर येईना. सून जंगनान आतूनच म्हणाली, बाबा, माझी पाळी आहे. नात दाउल तर पांघरुणात तोंड खुपसून रडत होती. तिला पहिल्यांदाच आली होती, आणि सकाळीच तिनं रांजणाचं झाकण पुसलं होतं. पोरीला वाटलं, जांग गेला, आता आजोबा काय करतील!

"घरात तीन बायका, आणि मिठाचं पाणी मी ओतू? किहोची आई, तू तरी ये," म्हातारा मालसूनला ओरडला.

मालसून स्वयंपाकघरात सुनेच्या कानाशी लागली आणि फिसकन हसली. म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, माझंही चालू आहे. दोन वर्षं झाली, अधूनमधून येतं. म्हातारपणी जवानी आलीय बघ मला."

जंगनानचा हात थांबला. "आई, तुमची पाळी थांबली तेव्हा दाउलचा जन्मही झाला नव्हता."

"मग?"

"मग ही जवानी नाही. दाउलला काही झालेलं नाही, ती मोठी होतेय. माझं फार जात होतं, मी दाखवून आले, गर्भाशयात गाठी निघाल्या, औषध चालू आहे. पण तुमचं थांबलेलं परत सुरू होणं चांगलं नाही, आई. उद्याच दवाखान्यात जाऊ."

"वेडी आहेस का? दवाखान्यात गेले की यांना कळणार. यांना कळलं की रांजण उपडा होणार. गावासमोर परत एकदा? नाही बाई. वसंतात जांग गाळून झाला की येते."

आणि कमरेला फडकं घट्ट आवळून ती बाहेर गेली आणि पाणी ओतून आली.

जंगनाननं नवऱ्याला सांगून पाहिलं. किहो जमिनीकडं बघत म्हणाला, आईच्या असल्या गोष्टी मी कशा बोलू? शिकलेला मुलगा, शहरात नोकरीला. आईच्या पोटातून आला, पण त्या पोटाचं नाव घ्यायची त्याला लाज.

चेरीची झाडं फुलायच्या आतच मालसून रांजणाशी कोसळली. डॉक्टरीणबाई म्हणाली, गर्भाशयाचा कॅन्सर, फार पसरलाय. पहिला डाग दिसला तेव्हा आणलं असतं, तर कदाचित बरं करून घरी धाडलं असतं मी यांना.

म्हातारा खाटेशी बसला. मग म्हणाला, "मला सांगायचं ना."

"तुम्हाला?" मालसून म्हणाली. "तुम्ही माझ्यापेक्षा जांगाला जास्त जपलंत. मला भीती तुमचीच होती, आजाराची नव्हती."

एवढंच बोलली ती. रडली पण नाही.

जांग गाळायच्या दिवशी म्हाताऱ्यानं विळा आणला आणि सगळ्यांदेखत रांजणाची दोरी कापली. मिरच्या घरंगळत कोंबड्यांत गेल्या. मग त्यानं दाउलला हाक मारली, ये गं, गाळायचं फडकं धर. पोर जागची हलेना. हळूच म्हणाली, आजोबा, माझी आज...

"माहितीये. तुझ्या आईनं सांगितलंय. म्हणूनच बोलावतोय," तो म्हणाला. "धर."

तिनं फडकं धरलं. आणि तसला काळाभोर, गोडसर जांग त्या रांजणातून कधी निघाला नव्हता. वाटीभर दवाखान्यात नेला. मालसूननं बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, मीठ बरोबर पडलंय.

तर लेकींनो, कानात घालून ठेवा. पोर पहिल्यांदा घाबरते तेव्हा तिला जवळ घ्या. मधल्या वयात फार जात असेल तर बाईचा जन्म म्हणून सोसू नका. आणि थांबलेलं परत दिसलं, एक डाग का असेना, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. बाप्यांनो, तुम्हीपण ऐका. जिला तुमच्या घरात हे बोलायची सोय नाही, तिला तुम्ही मारताय. हळूहळू मारताय, एवढंच.

आता दात शाबूत राहावेत म्हणून एक कबूल करते. यातलं एक मी मनानं घातलंय. वासरू नव्हे, वासरू खरंच पडलं होतं.

मालसूननं तो जांग चाखला नाही. गाळायच्या आधीच ती गेली. वाटी म्हाताऱ्यानं तिच्या फोटोपुढं ठेवली, आणि बोट त्याचं त्यानंच बुडवलं.