माझ्या पोटातली अकरा घरं

माझ्या कपाळावर तांदळाच्या दाण्याएवढा एक दिवा आहे. तो हिरवा असला की मी बरा असतो. गेली दोन वर्षं तो नारिंगी आहे. माझी मेमरी भरली आहे, एवढंच त्याला सांगायचं असतं. येणारेजाणारे सगळे तो पाहतात. एकदा एकाने त्यालाच कुंकू लावलं.

मित्रांनो, महाडच्या एका पाऊस-सूचना केंद्रातला मी म्हातारा सर्व्हर. दिवसरात्र जागा राहून इतरांची कामं करणारा संगणक. उमेदीची वर्षं मुंबईच्या एका कचेरीत गेली. तिथे नवं यंत्र आलं आणि मला टेम्पोत घालून इकडे आणलं. इथे मला मोलाचं काम मिळालं. डोंगरातल्या गावांत छपरांवर पर्जन्यमापकं बसवली आहेत. ती मला आकडे पाठवतात. पाऊस मर्यादेपलीकडे गेला की मी त्या गावातल्या फोनांवर इशारा देतो, उतारावरची घरं सोडा. एकदा एका वाडीतली माणसं माझ्या इशाऱ्यावर बाहेर पडली आणि मागून दरड आली. गोठा गेला, माणसं राहिली. तेव्हा मला हार घातला. माझ्या हवेच्या जाळीवरच. दोन दिवस मी तापलेला होतो.

खरं दुखणं मात्र वेगळं आहे. केंद्राचे अध्यक्ष हैबती तात्या. माणूस भला, पण गावांच्या मानापमानाला फार भितो. वरंधवाले म्हणाले, आम्हाला वेगळं मशीन हवं. मग कशेडीवाल्यांनाही वेगळं हवं झालं. तात्यांनी सगळ्यांना शब्द दिला.

माझ्यावरचं सॉफ्टवेअर मुक्त आहे. ते कुणालाही उघडून वाचता येतं, सुधारता येतं. ते माझ्या एकाच शरीरात अनेक आभासी यंत्रं तयार करतं. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र संगणक आहोत. अशी दहा गावांची दहा घरं माझ्यात उभी राहिली. अकरावं घर सावित्री नदीच्या पातळीचा हिशेब करणाऱ्या जुन्या प्रोग्रामचं. प्रत्येक गावाच्या उद्घाटनाला माझ्यासमोर नारळ फुटला. नारळाचं पाणी कुठे उडतं, हे कुणी पाहिलं नाही.

गावाचं काम मोहरीएवढं, आकडा घ्यायचा आणि तपासायचा. पण प्रत्येक घराला आपली वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारा सगळा पसारा. मोहरी ठेवायला दहा कणग्या. मग बाराव्याला जागा कुठून येणार?

बारावं घर मागणारं गाव उमरठ. तिथल्या वरच्या वाडीत पर्जन्यमापक बसवलं आहे. ते मोजतं, पण त्याचा आकडा कुठेच जात नाही.

मला सांभाळणारी सेजल शिकलेली आणि मितभाषी आहे. माझी धूळ पुसते ती एकटीच. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत आभासी यंत्रांच्या शेजारी कंटेनरही ठेवता येतात, हे तिने करून पाहिलं. कंटेनर म्हणजे बंद डबा. मूळ पसारा माझा एकच, तो सगळ्यांनी वापरायचा, प्रोग्राम मात्र ज्याचा त्याच्या डब्यात, म्हणून जागा अगदी थोडी लागते. तिने तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, शिमगा होऊ दे. शिमगा झाला. मग म्हणाले, लग्नसराई जाऊ दे.

मित्रांनो, जुन्या यंत्राला हार नको, नारळ नको. धूळ पुसा, श्वास घ्यायला जागा ठेवा, आणि जे ठरवायचं ते वेळेवर ठरवा. माझा दिवा त्याहून जास्त काही मागत नाही.

आज दुपारी उमरठहून रखमाकाकू आली. भिजलेली छत्री तिने माझ्याच टेबलाला टेकवली.

"काय गो सेजल, आमचा नंबर लागला का नाय?"

"जागा नाही, काकू."

"चार वेळा अंदाजानं पोरंबाळं घेऊन देवळात जाऊन बसलो. काय झालं नाय. परवा हाका मारल्या तर कोण उठलंच नाय. म्हणतात, म्हातारीला रोजच डोंगर पडताना दिसतो." ती शेजारी बसलेल्या तात्यांकडे वळली. "खरा पडंल तेव्हा कोण उठणार वो?"

तात्यांनी चष्मा काढला. सेजलने पुन्हा सगळं समजावलं. नदीचा प्रोग्राम जुना, त्याला त्याचं वेगळं घर राहू दे. बाकी गावं डब्यांत.

"आणि एकाने दुसऱ्याच्या डब्यात हात घातला तर?" तात्या म्हणाले. "गावं मलाच फाडून खातील."

"हात पोचत नाही, तात्या. मेमरीही प्रत्येकाला ठरलेलीच."

रखमाकाकू हसली. "तात्या, मुंबयला गावकीच्या खोलीत तुम्ही न आमचे मालक एकत्र होतात ना? सगळ्या गावाची एक मोरी, एक चूल."

"होतो की. भिंतीला ट्रंका लावलेल्या, ज्याची त्याची."

"तुमची कोणी उघडली?"

"कुलूप होतं तिला."

"मग आमचे मालक काय वेगळी खोली मागत होते?"

तात्यांनी माझ्या दिव्याकडे पाहिलं. मी लुकलुकत होतो, दुसरं काय करणार. मग त्यांनी चष्मा घातला.

"सेजल, सगळी गावं एका खोलीत घे. पहिली ट्रंक उमरठची, आत्ताच लाव. बाकीच्या गावांना मी सांगतो."