दगडूची पाठ

कौसल्येने मोरीत उजवा पाय धुतला, लुगड्याच्या काठाने कोरडा केला आणि दगडू परबला पालथं निजायची खूण केली. दगडू घोंगडीवर आधी गुडघ्यांवर, मग कोपरांवर टेकत कसाबसा आडवा झाला. त्याची बायको मीराबाई दाराशी घुटमळत होती. तिला कौसल्येने बाहेर काढलं आणि कडी लावून घेतली. पायाळूने पाय लावताना खोलीत तिसरं माणूस नको आणि तीनदा पाय लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही, ही रीत तिच्या आजोळची होती.

कौसल्या जन्मली तेव्हा तिचे पाय आधी बाहेर आले होते. त्यामुळे लालबागच्या त्या चाळीत कुणाच्या पाठीत उसण भरली की माणसं इस्पितळाआधी तिचं दार वाजवत. ती कुणाला नाही म्हणत नसे. दगडूची खोली तर तिच्या खोलीला लागून, मधे एक भिंत. तरी चार महिने तो तिच्या दाराकडे फिरकला नव्हता.

चार महिन्यांपूर्वी, जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून मोर्चे निघाले आणि रस्त्यावर गोळीबार झाला. कौसल्येचा नवरा आनंदा त्यात पडला. दगडूने त्याला पाठीवर घेऊन चाळीपर्यंत आणलं. वाटेतच जीव गेला, एक शब्द बोलला नाही, असं दगडूने सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून त्या पाठीला मान आला. गिरणीच्या फाटकाशी, इराण्याच्या हॉटेलात, जो भेटे तो तिच्यावर थाप मारी. माणसांना वाटे आपण शाबासकी देतोय. दगडू प्रत्येक थापेला आणखी थोडा वाकत गेला.

पाठीसोबत डोकंही गेलं. गिरणीत साच्यावर तुटलेला धागा समोर असून दिसेना. आपण जेवलो की नाही हे बायकोला विचारावं लागे. त्या दिवसाचं आठवायला गेलं की नुसता धूर. इस्पितळात हाड शाबूत निघालं. दादरच्या हाडवैद्याने मणक्यांवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं, पाठ आणि डोकं एकाच दोरीत ओवलेलं असतं, मणका सुटला की डोकं आपोआप निवळेल. दोनदा चोळल्यावर मात्र त्याने हात टेकले. म्हणाला, तुम्हीच पाठ धरून ठेवलीय, मी काय सोडवू? परवा कापडाचा आणखी एक ताका खराब निघाला आणि बाबुराव जॉबरने स्पष्ट सांगितलं, आता एक जरी चूक झाली तरी तुझे साचे बदलीवाल्या कामगाराला देणार. मग मीराबाईने नवऱ्याला न विचारताच शेजारचं दार वाजवलं.

कौसल्येने पहिल्यांदा पाय लावला. टाच कमरेवर ठेवून हळूहळू मानेपर्यंत नेली. पाय ओला आणि गार होता. दगडूने दात आवळले. वैशाख होता, सगळी चाळ वर्षाचा मसाला कांडून आणत होती. रस्त्यापलीकडच्या मिरची-मसाला कांडायच्या डंक्याची धडधड भिंतीतून येत होती आणि मिरचीचा खकाणा नाकात बसत होता. तो वास आला तसं त्याने तोंड घोंगडीत खुपसलं.

दुसऱ्यांदा तिने थोडा भार दिला. दोन खांद्यांच्या मधोमध काहीतरी खटकन सरकलं. दगडूला एकदम सगळं लख्ख दिसलं. धूर नव्हता. बंद डंका, मिरचीच्या पुडीने लाल झालेली पायरी आणि तिच्यावर टेकवलेला आनंदा, डोळे उघडे असलेला.

"वयनी," तो घोंगडीतच म्हणाला, "मी तेका खाली ठेवलंय. डंक्याच्या पायरेर. पोलिसांची शिटी वाजली आणि मी पळालंय. परत इलंय तेव्हा तेचो जीव गेललो."

रीत मोडली होती. पाठीवरचा पाय उचलला गेला नाही.

"म्हायत हा," कौसल्या म्हणाली.

दगडूने मान वळवायचा प्रयत्न केला. तिने पायानेच त्याला निजवून ठेवलं.

"तेचो शर्ट मीच धुतलंय, भावजी. पाठीकडे सगळी मिरची. दोन दिस हात भगभगत होते. तुमच्या पाठीवर असताना तेच्या पाठीक मिरची खयसून लागतली?"

हे ती मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात बोलली. दगडूला रडू आलं, पण पालथा असल्यामुळे ते घोंगडीत जिरलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"काय बोललो तो?" तिने विचारलं.

"दगडू, माका टाकून जाव नको."

"माजा नाव घेतल्यान?"

दगडूने आनंदाचं मर्तिक पाहिलं होतं. आलेला प्रत्येक जण तिला सांगत होता की मनात तुझंच नाव घेत गेला असेल. आता त्यालाही एक हो म्हणता आलं असतं, आणि या बाईला आयुष्यभर पुरलं असतं. चार महिने डोक्यात धूर होता तोवर ते जमलंही असतं. पण डोकं निवळलं होतं, त्यात आनंदाचे ओठ दिसत होते.

"नाय," तो म्हणाला.

तिने टाच पुन्हा दोन खांद्यांच्या मधोमध आणली.

"मगे खरा बोलतास," ती म्हणाली.

आणि तिने सगळा भार दिला. हा तिसरा धरायचा की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, ते दोघांनीही मनात आणलं नाही. मणके वरपासून खालपर्यंत एकामागून एक वाजले. मग पाठ हलकी झाली.

कडी निघाली. बाहेर मीराबाईने उसण सुटली का म्हणून विचारलं, आणि सुटली, एवढंच सांगून कौसल्या आपल्या खोलीत गेली. तिने दार लोटल्याचा आवाज आला.

दगडू उठला. आधी गुडघ्यांवर, मग भिंतीला हात लावून, मग हात सोडून. चार महिन्यांत पहिल्यांदा तो ताठ उभा राहिला. मीराबाईने पदर डोळ्यांना लावला आणि देवाला साखर ठेवायला वळली.

या खोलीची गजांची खिडकी उंचावर होती. वाकलेल्या माणसाला तिच्यातून काही दिसत नसे. आता दगडूला रस्ता दिसला, डंक्याचं पत्र्याचं छप्पर दिसलं, आणि खाली ती लाल पायरी. तिच्यावर एक बाई डबा मांडीवर घेऊन आपला नंबर यायची वाट बघत बसली होती.

शेजारच्या खोलीलाही अशीच खिडकी होती, रस्त्याकडच्या याच भिंतीत, याच उंचीवर. कौसल्येची पाठ कधीच दुखली नव्हती; चार महिने ती पायरी तिला रोज दिसत होती.