माझ्याजवळ राहिलेला आवाज

मी एक सिनेमाची डीव्हीडी. कुरखेड्याकडच्या चार हौशी माणसांनी आपल्याच बोलीत एक सिनेमा काढला, त्याच्या मोजक्या प्रती निघाल्या. त्यातली एक मी.

त्या सिनेमात नावाड्याचं काम श्रावणने केलं होतं. तो खराच ढिवर, डोंगाही खराच त्याचा. वाक्य एकच : "बसा भाऊ, पाणी खोल हाये, पर डोंगा माह्या ओळखीचा हाये." मी बाजारात आले त्याच दिवशी त्याने मला विकत घेतलं आणि सदऱ्याच्या आत धरून घरी नेलं.

मग काय! पाहुणा आला की मला प्लेअरमध्ये घालायचे. माणसांची एक गंमत मी पाहिली. अडीच तासांचा सिनेमा कोणी बघतच नसे, सगळे नावाड्याची वाट बघत. आणि तो आला की श्रावण लाजून अंगणात निघून जाई.

पुढे तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने त्याचा घसा खाल्ला. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्याची बायको सुगंधाबाई मला रोज लावू लागली. एके दिवशी श्रावणनेच हात हलवून बंद करायला लावलं. तेव्हापासून मी कपाटात, लुगड्यांच्या घडीत. प्लेअर बिघडला. ओलीने माझ्या पाठीवर डाग पडले, ओरखडे तर आधीचेच होते.

यंदा त्यांची मुलगी भाग्यश्री तीन वर्षांच्या प्रियाला घेऊन चंद्रपूरहून आली. सोबत लॅपटॉप आणि डीव्हीडी वाचणारी चपटी डबी.

"आई, बाबाचा सिनेमा कुठी हाये? त्याची कॉपी काढू."

"काऊन? एक हाये ना," सुगंधाबाई म्हणाली.

"एकच हाये म्हणून तं!"

भाग्यश्रीने मला मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसलं आणि डबीत ठेवलं. मी फिरू लागले. निम्मा सिनेमा गेला आणि नेमकी नदीपाशी अडले. तोच ओरखडा, पुन्हा पुन्हा. एवढं एक वाक्य सांभाळायचं होतं, तेच हरवलं की काय?

"थांबली का वो?" सुगंधाबाईने विचारलं.

"नाई, हळू वाचून राह्यली. हात नोको लावू."

बराच वेळ गेला. मग लॅपटॉपच्या पडद्यावरचा, किती टक्के कॉपी झाली ते दाखवणारा आकडा एकाने सरकला, आणि सरकतच राहिला.

नवी प्रत लावली. नदी क्षणभर चौकोनांत तुटली, पण आवाज अख्खा आला.

"आई, कोण बोलते?" प्रियाने विचारलं.

"आजा बोलते, बाई," भाग्यश्री म्हणाली.

प्रियाने वळून श्रावणच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने तिला मांडीवर घेतलं आणि बोटाने खूण केली, पुन्हा लाव.

आता तो आवाज पेनड्राइव्हवर आहे, एका नव्या डिस्कवरही आहे. मला मात्र त्या दिवसानंतर कोणतंच यंत्र ओळखत नाही. श्रावणने मला दोरीने मक्याच्या वाडीत टांगलंय. पोपट हाकलायला इतर लोक ओरडतात, त्याला ते जमत नाही. वारा सुटला की मी गरगरते, उन्हाची तिरीप फेकते आणि थवा उठतो.

तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण असेल, तर ती वाचता येते तोवर तिची प्रत काढून ठेवा. माझी काळजी नको. मका अजून कोवळा आहे, मला इथेच राहू द्या.